भाजलेला रुग्ण कशाने दगावतो?

भाजलेल्या माणसाचा जीव बहुधा कातडी गेल्यामुळे जातो. अंगातले पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवणे हे कातडीचे काम; ती गेली की दोन्ही बांध फुटतात. त्यामुळे मृत्यूचे कारण दिवसागणिक बदलते. खानदेशात साक्री-शिरपूरकडचे गंभीर रुग्ण धुळ्याच्या, तर यावल-चोपड्याकडचे जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणले जातात. या प्रवासातच मोलाचा वेळ जातो.

दाखल करताना आधी अंगाचा किती भाग भाजला याची टक्केवारी काढतात. प्रौढाचे डोके-मान 9 टक्के, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, छाती-पोट 18, पाठ 18 आणि जननेंद्रिय 1. टक्केवारी, जखमेची खोली आणि वय वाढेल तसा धोका वाढतो.

पहिल्या दोन दिवसांत मुख्य धोका शॉकचा. रक्तातले पाणी जखमेतून झिरपते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. 50 किलो वजनाची, 40 टक्के भाजलेली स्त्री घ्या. पार्कलंड सूत्रानुसार 4 × 50 × 40, म्हणजे 8 लिटर सलाईन 24 तासांत लागते आणि त्यातले निम्मे पहिल्या 8 तासांत. हे तास भाजल्या क्षणापासून मोजतात. वाटेत 3 तास गेले, तर अर्ध्या लिटरच्या 8 बाटल्या उरलेल्या 5 तासांत द्याव्या लागतात. सलाईन पुरते की नाही, हे तासागणिक मोजलेल्या लघवीवरून ठरते.

बंद खोलीत भाजलेल्यांना धुराचाही धोका असतो. नाकातले केस करपलेले, थुंकीत काजळी आणि आवाज घोगरा असेल, तर घसा सुजून श्वास कोंडण्याआधीच नळी घालावी लागते.

शॉकमधून वाचलेल्या रुग्णाला चौथ्या-पाचव्या दिवसापासून जंतुसंसर्ग गाठतो. ड्रेसिंगवर हिरवट पू आणि उग्र वास दिसला की स्युडोमोनास जंतूची शंका येते. जंतू रक्तात पसरले की फुप्फुसे, मूत्रपिंडे एकेक करून निकामी होतात. मृत्यूच्या दाखल्यावर ‘सेप्टिसेमिया’ असे कारण येते ते बहुधा याच टप्प्यात. निर्जंतुक ड्रेसिंग, भरपूर प्रथिने आणि लवकर त्वचारोपण हे त्यावरचे उपाय. अशा रोपणासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. जळगावच्या मळ्यांत मुबलक असलेल्या केळीच्या पानाचे निर्जंतुक ड्रेसिंगही शीवच्याच डॉक्टरांनी अभ्यासले. जखमेला न चिकटणारे हे पान ड्रेसिंग बदलतानाच्या वेदना कमी करते.

शेतातल्या पंपाच्या विजेचा शॉक बसून भाजलेल्याची जखम लहान दिसते, पण हृदयाची लय बिघडू शकते आणि जळालेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडू शकतात.

गंभीर भाजल्याची नोंद पोलिसांकडे होते. रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा अभिप्राय घेऊन दंडाधिकारी मृत्युपूर्व जबाब नोंदवतात. लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेचा असा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठीचा छळ सिद्ध झाला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 80 नुसार हुंडाबळी ठरतो.

भाजून होणारे अनेक मृत्यू टाळता येतात. आधी आग विझवा. विजेचा शॉक असेल तर प्रवाह बंद करा. भाजलेल्या भागावर 20 मिनिटे साधे वाहते पाणी सोडा; फार भाजले असेल तर अंग गार पडू देऊ नका. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नका. स्वच्छ चादरीत गुंडाळा, 108 ला फोन करा आणि भाजल्याची नेमकी वेळ डॉक्टरांना सांगा.