पृष्ठवंशातील अस्थिकंटक

पृष्ठवंशातील कशेरुकांच्या (मणक्यांच्या) कडांवर किंवा त्यांच्यामधील लहान सांध्यांभोवती होणाऱ्या हाडाच्या जादा वाढीस अस्थिकंटक म्हणतात. ‘मणक्यात हाड वाढले’ असे बोलीभाषेत म्हणतात, ते बहुधा यालाच उद्देशून असते. नावावरून अणकुचीदार काट्याची कल्पना येत असली, तरी बहुतेक वाढींची कड गुळगुळीत असते. अस्थिकंटक हा स्वतंत्र रोग नसून बहुधा झीज होत असलेल्या सांध्याच्या प्रतिक्रियेची ती खूण होय. उतारवयातील बहुसंख्य व्यक्तींच्या क्ष-किरण चित्रांत असे कंटक दिसतात व त्यांपैकी पुष्कळांना कोणताही त्रास नसतो. म्हणून चित्रात कंटक दिसणे व कंटकामुळे विकार होणे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात. निदान, उपचार व वैद्यकीय नोंद या तिन्हींमध्ये हा भेद महत्त्वाचा ठरतो.

निर्मिती : दोन कशेरुकांमधील चकतीतील पाण्याचे प्रमाण वयाबरोबर घटते व तिची उंची कमी होते. त्यामुळे सांध्याची हालचाल अस्थिर होते आणि कशेरुकेच्या कडेस चिकटलेल्या तंतूंवर ताण पडतो. या ताणामुळे कडेवर प्रथम कूर्चा तयार होते व नंतर तिचे हाडात रूपांतर होते. अशा रीतीने भार पेलणारे क्षेत्र वाढते व सैल झालेला सांधा काही अंशी स्थिर होतो.

हिलेल नेथन यांनी १९६२ मध्ये ४०० पृष्ठवंशांच्या अभ्यासावरून कंटकांच्या चार पायऱ्या सांगितल्या : सूक्ष्म उंचवटे, आडव्या दिशेने वाढलेले कंटक, पक्ष्याच्या चोचीसारखे वळलेले कंटक आणि शेजारच्या दोन कशेरुकांना जोडणारा हाडाचा पूल.

काही विकारांतील वाढी यांहून निराळ्या असतात. ताठर कशेरुकासंधिशोथात चकतीच्या बाह्य तंतूंतच बारीक, उभे अस्थिसेतू तयार होतात. झाक फॉरेस्टिए व झाउमे रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये वर्णन केलेल्या विकारात कशेरुकांच्या पुढील बाजूने मेणबत्तीच्या ओघळासारखे सलग अस्थीभवन होते; चकत्यांची उंची मात्र बहुधा टिकून राहते. छातीच्या भागात हे अस्थीभवन मुख्यतः उजव्या बाजूस आढळते. डाव्या बाजूस असलेल्या महारोहिणीच्या स्पंदनांमुळे तेथे त्यास अटकाव होत असावा, असे मानतात.

लक्षणे : कंटक कोठे आहे, यावर लक्षणे अवलंबून असतात. पुढील बाजूचे कंटक मोठे असूनही सहसा निरुपद्रवी असतात. क्वचित मानेतील मोठ्या कंटकामुळे गिळण्यास अडथळा येतो. मागील व बाजूचे कंटक लहान असले, तरी तंत्रिका बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद करू शकतात. तसे झाल्यास मानेतून हातात किंवा कमरेतून पायात जाणारी कळ, मुंग्या व बधिरता जाणवते. मेरुरज्जूवर दाब आल्यास हातांचे कौशल्य कमी होते, चाल अडखळते व लघवीवरील ताबा जाऊ शकतो. असा दाब कधीकधी फारशा वेदनेशिवाय वाढतो. म्हणून केवळ वेदनेच्या तीव्रतेवरून विकाराची गंभीरता ठरविणे धोक्याचे असते.

निदान व उपचार : साध्या क्ष-किरण चित्रात कंटक दिसतो, परंतु मेरुरज्जू व तंत्रिका यांवरील दाब पाहण्यास चुंबकीय अनुस्पंदन चित्रण आवश्यक असते. चित्रातील कंटकाची जागा व रुग्णाची लक्षणे जुळली, तरच त्यांचा कार्यकारण संबंध मानता येतो. औषधांनी कंटक विरघळत नाही. व्यायाम, वेदनाशामके व श्रमाच्या पद्धतीत बदल यांनी बहुतेकांना आराम पडतो. मेरुरज्जूवरील वाढता दाब किंवा स्नायूंची वाढती दुर्बलता असल्यास शस्त्रक्रिया करून दाब काढतात.

सांकेतिक वर्गीकरण : रुग्णालयीन नोंदी, विमा व आरोग्याची आकडेवारी यांसाठी निदानास आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणातील क्रमांक देतात. झाक बेर्तियाँ यांच्या १८९३ मधील मृत्युकारणांच्या यादीतून हे वर्गीकरण विकसित झाले व १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. १९९० मध्ये संमत झालेल्या दहाव्या आवृत्तीत हाडे, सांधे व स्नायू यांचे विकार ‘एम’ अक्षराखाली येतात. कशेरुकांवरील कंटक एवढाच निष्कर्ष असल्यास एम २५.७८ हा क्रमांक देतात. वैद्याने स्पाँडिलोसिस (मणक्यांची झीज) असे निदान केले असल्यास एम ४७ हा गट लागू होतो. त्यात मेरुरज्जूविकारासह असलेल्या झिजेस एम ४७.१ व तंत्रिकामूळविकारासह असलेल्या झिजेस एम ४७.२ हे उपगट आहेत. त्यापुढील अंक जागा दर्शवितो : मानेसाठी २, छातीमागील पाठीसाठी ४ व कमरेसाठी ६. त्यामुळे मानेतील झीज मेरुरज्जूविकारासह असल्यास एम ४७.१२ व तंत्रिकामूळविकारासह असल्यास एम ४७.२२ अशी नोंद होते. फॉरेस्टिए यांच्या विकारास एम ४८.१ व ताठर कशेरुकासंधिशोथास एम ४५ हे क्रमांक आहेत. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या विस्तारित आवृत्तीत मानेतील झिजेत यांपैकी कोणताही विकार नसल्यास एम ४७.८१२ हा क्रमांक देतात. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली असून तिची क्रमांकरचना निराळी आहे. म्हणून नोंदीत कोणती आवृत्ती वापरली, हे स्पष्ट असावे लागते.

क्रमांक देणाऱ्याने चित्रावरून स्वतः निदान करावयाचे नसते. वैद्याच्या लेखी निदानाचाच आधार घ्यावयाचा असतो व ते अपुरे वाटल्यास वैद्याकडे विचारणा करावयाची असते. मेरुरज्जूवर दाब असलेल्या रुग्णाची ‘अस्थिकंटक’ एवढीच नोंद झाली, तर पुढील वैद्यास धोक्याची कल्पना येत नाही. उलट, निरुपद्रवी कंटकाची नोंद तंत्रिकाविकार म्हणून झाली, तर रुग्णास अकारण भीती व अनावश्यक उपचार यांना सामोरे जावे लागते.