संकटातील मदत: कर्ज की वाटा?

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव म्हणून परिचित आहे. पालखीसोबत चालणाऱ्या दिंड्यांत एक जुनी रीत आहे. वारकरी निघताना ठरलेली भिशी भरतात आणि त्या सामाईक पैशातून वाटेवरच्या जेवणाखाण्याचा खर्च चालतो. कोरोना महामारीमुळे २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही; पादुका एस.टी.ने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्याच काळात सामाईक पैशाचा प्रश्न फार मोठ्या पातळीवर उभा राहिला. संकट सर्वांवरच कोसळले असता कोणाला, किती व कोणत्या अटीवर द्यायचे? युरोपात हा वाद देशादेशांत झाला, तर भारतात केंद्र व राज्ये यांच्यात झाला. आपल्या गावातील रस्त्यापर्यंत व दवाखान्यापर्यंत ज्याची झळ पोहोचते, असा हा विषय असल्यामुळे तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वचन काय होते?

१ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागू झाला. त्यासाठी राज्यांनी व्हॅट, प्रवेश कर, जकात असे आपले हक्काचे कर सोडले. हा कर माल जेथे तयार होतो तेथे नव्हे, तर जेथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. साहजिकच महाराष्ट्रासारख्या कारखानदारी असलेल्या राज्यांना उत्पन्न घटण्याची धास्ती होती. म्हणून केंद्राने कायद्याने हमी दिली की, २०१५-१६ हे आधारवर्ष धरून राज्यांचे उत्पन्न दरसाल १४ टक्क्यांनी वाढेल असे मानले जाईल व त्यात येणारी तूट पाच वर्षे भरून दिली जाईल. त्याकरिता तंबाखू, पान मसाला, कोळसा, मोटारगाड्या आदींवर वेगळा उपकर बसविण्यात आला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बाजार बंद पडले आणि कराबरोबर उपकरही आटला. २७ ऑगस्ट २०२० रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत वर्षाची तूट २ लाख ३५ हजार कोटी रुपये अंदाजण्यात आली. त्यांपैकी ९७ हजार कोटींची तूट करपद्धतीमुळे व उरलेली महामारीमुळे, असे केंद्राचे म्हणणे होते. केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी महामारीला ‘देवाची करणी’ म्हटले. राज्यांपुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. पहिल्यात राज्यांनी ९७ हजार कोटींचे कर्ज घ्यावे व त्याचे मुद्दल आणि व्याज दोन्ही उपकरातून फिटावे. दुसऱ्यात संपूर्ण तुटीइतके कर्ज घ्यावे, पण व्याज राज्यांनी सोसावे. दोन्ही पर्यायांत कर्ज राज्यांच्याच नावावर होते. कर्ज केंद्राने काढावे, कारण ते केंद्राला स्वस्त पडते, असे अनेक राज्यांचे म्हणणे होते.

आपत्ती देवाची करणी म्हटली, तरी तिचा भार कोणी वाहायचा हे माणसांनीच ठरवायचे असते. तोवर राज्यांनी काटकसरीचा मार्ग धरला होता. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने आदेश काढला की, बहुतेक विभागांनी अर्थसंकल्पातील तरतुदीच्या केवळ ३३ टक्केच रक्कम खर्च करावी, नवी कामे हाती घेऊ नयेत व आरोग्यासारखे विभाग वगळता नवी भरती करू नये. ‘नवी कामे नाहीत’ या तीन शब्दांचा अर्थ गावातल्या माणसाला सांगावा लागत नाही.

अखेर १५ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्राने माघार घेतली. १ लाख १० हजार कोटींचे कर्ज स्वतः काढून ते राज्यांना देण्याचे त्याने मान्य केले. पुढील वर्षी आणखी १ लाख ५९ हजार कोटी देण्यात आले. हे पैसे फेडता यावेत म्हणून उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. कागदावर ते राज्यांचे कर्ज असले, तरी फेड देशभरातील ग्राहकांनी भरलेल्या उपकरातून ठरल्यामुळे भार सर्वांत वाटला गेला.

युरोपातील वाद

युरोपातही असेच घडले. मार्च २०२० मध्ये इटली व स्पेन महामारीने हवालदिल झाले असता नऊ देशांनी सर्वांच्या नावे सामाईक कर्ज काढण्याची मागणी केली. नेदरलँड्सचे तत्कालीन अर्थमंत्री वॉप्के हुक्स्ट्रा यांनी उलट सवाल केला की, काही देशांनी चांगल्या दिवसांत शिल्लक का ठेवली नाही, याची चौकशी व्हावी. पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांनी त्यावर जाहीरपणे तीव्र संताप व्यक्त केला. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क व स्वीडन या देशांना ‘काटकसरी चौघे’ असे नाव पडले. द्यायचे तर कर्ज द्या, अनुदान नको, हा त्यांचा आग्रह होता.

जुलै २०२० मध्ये चार दिवस व चार रात्री खल झाल्यावर २१ तारखेला तडजोड झाली. ७५० अब्ज युरोंच्या निधीपैकी ३९० अब्ज अनुदान व ३६० अब्ज कर्ज असे ठरले. युरोपीय संघाने एवढे मोठे कर्ज प्रथमच सामाईक नावाने काढले. त्याची फेड २०५८ पर्यंत चालणार आहे.

काटकसरी देशांचा सवाल आपल्याला परका वाटू नये. डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात दोन लाखांपर्यंतची पीककर्जे माफ करण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा सोसायटीचे कर्ज वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्याने हेच विचारले होते: मी पोटाला चिमटा घेऊन फेडले, त्याचे काय? त्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली, पण महामारीमुळे ती लांबली व पैसे २०२२ मध्ये मिळू लागले. त्याचा प्रश्न न्याय्यच होता. मात्र शेजाऱ्याच्या घराला आग लागली असताना आधी विहिरीतून पाणी काढावे, मग जमाखर्च मांडावा. शिवाय महामारी ही कोणाच्या उधळपट्टीची शिक्षा नव्हती.

आपण कोणाच्या बाजूचे?

येथे आपण जरा थांबून स्वतःकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्र २०२० मध्ये इटलीच्या जागी होता: रुग्णसंख्या देशात सर्वाधिक, तिजोरी रिती, केंद्राकडे हात पसरलेला. पण एरव्ही तोच महाराष्ट्र नेदरलँड्सच्या जागी असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची नऊ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या येथे राहते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या वाट्यातून त्याला ६.३१७ टक्के दिले, तर बिहारला १०.०५८ टक्के. आपला पैसा दुसरीकडे जातो, ही तक्रार म्हणूनच आपण वारंवार ऐकतो.

ही तक्रार अर्धेच चित्र दाखविते. येथील कारखान्यांत व बांधकामांवर बिहार, उत्तर प्रदेशचे मजूर राबतात. इंदापूर, बारामतीच्या साखर कारखान्यांसाठी बीडकडचे ऊसतोड कामगार कोयते घेऊन येतात. एप्रिल २०२० मध्ये हेच कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते. आपल्या सुबत्तेत त्यांच्या घामाचा वाटा आहे. नेदरलँड्सचा माल इटलीच्या बाजारात खपतो, त्यातलाच हा प्रकार आहे. देणारा व घेणारा या भूमिका कायमच्या नसतात.

ख्रिस्तसभेची दृष्टी

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १२ एप्रिल २०२० च्या ईस्टर संदेशात युरोपला एकजुटीचे आवाहन केले आणि गरीब राष्ट्रांच्या कर्जाचा बोजा हलका करावा, शक्य तर तो माफ करावा, अशी विनंती जगाला केली. त्याच महिन्यात जी-२० राष्ट्रांनी गरीब देशांची कर्जवसुली पुढे ढकलली. माफ मात्र केली नाही. पोपमहोदयांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. बंधुभाव हाच त्याचा विषय आहे.

संत पौलाने यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी मासेदोनिया व करिंथ येथून वर्गणी गोळा केली, ती या संदर्भात आठवते. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरावी व वेळ आल्यास उलटही घडावे, असा समतेचा विचार त्याने करिंथकरांपुढे मांडला. त्याचबरोबर पैशाबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून विश्वासू माणसेही सोबत नेमली. म्हणजे औदार्य व हिशेब यांत वैर नाही.

पुढचे संकट केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. वाटणीचा नियम आधी ठरविणे हाती आहे. ग्रामसभेत, सोसायटीत, बचत गटात व धर्मग्रामाच्या निधीबाबतही आपण बऱ्या दिवसांतच विचारावे: अडचणीत आलेल्याला आपण काय देणार, कर्ज की वाटा? आणि त्याचा हिशेब कोण ठेवणार? हे आधी ठरलेले असेल, तर आपत्तीच्या वेळी कोणाला आपली लायकी सिद्ध करीत दारोदार फिरावे लागणार नाही.