रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी भीती का जात नाही?

मधुमेह, रक्तदाब, मुलांचे लसीकरण याबद्दल आपल्या वस्तीतले लोक आम्हाला चारचौघांत विचारतात. एक प्रश्न मात्र नेहमी बाजूला घेऊन, आवाज खाली करून येतो : "ताई, एचआयव्हीची तपासणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण मन मानत नाही. रिपोर्ट चुकला असेल का?"

विचारणारा कधी रिक्षा चालवणारा असतो, कधी नाक्यावर कामासाठी उभा राहणारा, कधी लग्न ठरलेला मुलगा. कधी नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधांनी धास्तावलेली बहीण असते. काहींच्या पिशवीत चार-चार रिपोर्ट असतात आणि चारही निगेटिव्ह. तरी झोप नाही, कामावर खाडे, नवरा-बायकोत अबोला. आजार नसताना घर आजारी पडते. म्हणून या वेळी रिपोर्टवर विश्वास कधी ठेवायचा आणि उरलेल्या भीतीचे काय करायचे, हे नीट समजून घेऊ.

चाचणी नेमके काय शोधते?

एचआयव्हीचा विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. आयसीटीसी केंद्रातली साधी चाचणी रक्तात ही प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांमध्ये साधारण महिनाभरात ती दिसू लागतात, थोड्या जणांना तीन महिन्यांपर्यंत लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. या काळात लागण झालेली असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून समुपदेशक सांगतात, "तीन महिने झाल्यावर पुन्हा या."

धोक्याच्या प्रसंगाला तीन महिने पूर्ण झाले, मधे नवा धोका घेतला नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्या प्रसंगातून तुम्हाला एचआयव्ही झालेला नाही. विषय संपला. मोठ्या प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक अंशही शोधते, त्यामुळे तिचे उत्तर ४५ दिवसांतच पक्के मानले जाते.

"सहा महिने थांबावे लागते", "वर्षाने पण निघतो" असे काही जण सांगतात. एचआयव्हीची पहिली चाचणी १९८५ साली आली. त्या काळातले किट आजच्याइतके तीक्ष्ण नव्हते, म्हणून तेव्हा सहा महिने सांगत. किट सुधारले, पण जुना सल्ला लोकांच्या तोंडी आणि मोबाईलवर तसाच राहिला.

निगेटिव्हसाठी एकच चाचणी, पॉझिटिव्हसाठी तीन. असे का?

पुष्कळांना इथेच शंका येते. "शेजाऱ्याची तीनदा केली, माझी एकदाच. घाईत उरकली का?" तसे नाही. तांदूळ निवडताना आपण संशयाचा प्रत्येक दाणा आधी बाजूला काढतो आणि मग तो खडा की तांदूळ ते बघतो. पहिली चाचणी तशीच असते. ती मुद्दाम अशी निवडतात की लागण असलेला माणूस तिच्यातून सुटू नये, मग एखादा निरोगी माणूस चुकून अडकला तरी चालेल. अडकलेल्याचे रक्त आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि मगच पॉझिटिव्ह सांगतात. जो पहिल्याच चाळणीत अडकला नाही, त्याला पुढे तपासण्याचे कारणच उरत नाही.

किट खराब असेल, ही दुसरी शंका. प्रत्येक किटमध्ये एक नियंत्रण खूण असते, रेघ किंवा ठिपका. किट चालले तरच ती उमटते. ती उमटली नाही तर तो निकाल धरत नाहीत, चाचणी पुन्हा करतात.

तिसरी शंका, खरे लपवले असेल. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गुप्त ठेवायचा तो इतरांपासून, तुमच्यापासून नाही. पॉझिटिव्ह आलेल्याला लगेच औषध सुरू करायचे असते, त्यामुळे त्याला ते सांगणे हेच समुपदेशकाचे काम आहे.

आणि जेवण, पाळी, सर्दी-ताप, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या, यांमुळे पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होत नाही.

पुन्हा तपासणी कुणी करावी?

डोळे झाकून विश्वास ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या चार वेळी पुन्हा जायलाच हवे.

एक, तपासणी विंडो पिरियडमध्ये झाली असेल.

दोन, तपासणीनंतर पुन्हा निरोधशिवाय संबंध आला असेल किंवा दुसऱ्याने वापरलेली सुई टोचली गेली असेल.

तीन, लागण टाळण्यासाठीचे २८ दिवसांचे पेप औषध घेतले असेल. मग दिवस औषध संपल्यापासून मोजायचे. हे औषध धोक्यानंतर लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. त्यानंतर उपयोग नाही.

चार, तपासणी एकाच रोगाची झाली असेल. एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे सगळे निगेटिव्ह नव्हे. सिफिलिस, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, त्याची व्हीडीआरएल नावाची वेगळी रक्तचाचणी असते. तिलाही तीन महिने धरा. कावीळ ब आणि क यांच्या चाचण्या वेगळ्या, त्यांना काही वेळा सहा महिन्यांपर्यंत थांबावे लागते. लघवीला जळजळ, पू, अंगावरून दुर्गंधीचे पाणी जाणे, जांघेत किंवा लैंगिक भागावर फोड असेल, तर एचआयव्हीचा पाचवा रिपोर्ट काढून काही हाती लागणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या लैंगिक आजार विभागात दाखवा. तिथे डॉक्टर तपासून मोफत औषध देतात. जोडीदारालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार परत येतो.

मग अंगात ही लक्षणे कशी?

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग वजन का उतरले? जीभ पांढरी का? रात्री घाम का येतो?" कारण भीतीसुद्धा शरीरावर काम करते. घास उतरत नाही म्हणून वजन उतरते. पोट बिघडते, जुलाब होतात, छाती धडधडते, घाम फुटतो, तोंड येते. मानेच्या गाठी दिवसातून वीस वेळा चाचपल्या तर त्या दुखणारच. आरशात जीभ सतत पाहिली तर ती रोज वेगळी दिसणारच.

हिशेब साधा आहे. एचआयव्हीमुळे शरीर खंगते ते साधारण काही वर्षांनी. तोपर्यंत रक्तात प्रतिपिंडे भरपूर झालेली असतात आणि चाचणी ती पकडतेच. तीन महिन्यांनंतरची चाचणी निगेटिव्ह आणि तरी लक्षणे आहेत, तर त्यांचे कारण दुसरे आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, ताप हटत नसेल, वजन घटतच असेल, तर त्याची वेगळी तपासणी करा.

आणखी एक रिपोर्ट काढला तर?

चार दिवस बरे वाटेल. पाचव्या दिवशी नवी शंका येईल : सुई बदलली होती का, नाव नीट लिहिले होते का. मग पुन्हा तपासणी, पुन्हा चार दिवस. दर खेपेला मन शिकते की भीती घालवायची तर तपासणी हवी, आणि भीती मोठी होत जाते. खाज खाजवल्यावर जसे होते, तसेच हे.

बऱ्याचदा मुळाशी अपराधीपणा असतो. आपण चुकीचे वागलो, तर शिक्षा मिळणारच, असे मन धरून बसते. पण रोग म्हणजे शिक्षा नाही. रक्ताची चाचणी रक्ताचेच उत्तर देते, मनातल्या अपराधाचे उत्तर तिच्याकडे नसते. ते बोलून, जोडीदाराशी पुन्हा विश्वास जोडून मिळवावे लागते.

या भीतीवर धंदा करणारेही आहेत. भिंतीवर, रेल्वेच्या रुळांकडेला "गुप्तरोगाचा खात्रीशीर इलाज" लिहिलेले असते. निगेटिव्ह माणसालाही तिथे "आत रोग दडलाय" सांगून हजारो रुपयांचा कोर्स गळ्यात मारतात. घरातले सोने गहाण टाकून असा कोर्स घेणारे आम्ही पाहिले आहेत. सरकारी आयसीटीसीत तपासणीला एक पैसाही लागत नाही.

आता करायचे काय?

एका कागदावर तीन गोष्टी लिहा : शेवटच्या धोक्याची तारीख, तपासणीची तारीख, कोणती तपासणी. तो कागद घेऊन आयसीटीसीच्या समुपदेशकाकडे जा आणि विचारा, "यावर हा रिपोर्ट शेवटचा धरू का?" हो म्हणाले, तर कागद आणि रिपोर्ट पेटीत ठेवा. नवा धोका नाही, तर नवी तपासणी नाही. मनात शंका आली तर रिपोर्ट नव्हे, तो कागद आठवा. मोबाईलवर लक्षणे शोधणे आणि गाठी चाचपणे थांबवा. पहिले आठ-दहा दिवस अस्वस्थता वाढल्यासारखी वाटेल, पण चाचपणे बंद ठेवले तर पुढे ती कमी होऊ लागते.

महिना झाला तरी झोप नाही, कामावर लक्ष नाही, दारू वाढली, तर हा मनाचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा किंवा टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी बोला, आणि त्या माणसाला घरच्यांनी एकटे सोडू नका. एचआयव्हीबद्दल काही विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

घरच्यांना सांगणे एवढेच, की त्याने दिवसातून दहा वेळा "मला काही नाही ना?" विचारले, तर दहा वेळा समजूत घालू नका. एकदा नीट सांगा, नंतर "आपण कागदावर लिहिलंय" म्हणा आणि त्याला कामाला लावा. टोमणे मारू नका.

आणि उद्या कुणाचा रिपोर्ट खरोखर पॉझिटिव्ह आला तर? एप्रिल २००४ पासून सरकार एआरटी औषधे मोफत देते आणि २०१७ पासून निदान होताच ती सुरू करतात. रोज गोळी घेणारा माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर त्याच्यापासून जोडीदाराला शारीरिक संबंधातून लागण होत नाही. पॉझिटिव्ह माणसाला वस्तीने जितके आपले मानले, तितकी निगेटिव्ह माणसाची भीतीही कमी होईल. कारण रात्री झोप उडवते ती विषाणूपेक्षा जास्त "लोक काय म्हणतील" याची धास्ती. ती घालवणे कुठल्या किटच्या हातात नाही, ते आपल्या हातात आहे.