थोराड पेशींची फसवी रूपं

बोनमॅरोचा रिपोर्ट हाती पडला की डोळे आधी ‘अ‍ॅबनॉर्मल’ हा शब्द शोधतात आणि मन थेट कॅन्सरपाशी जाऊन पोचतं. पण मज्जेतल्या पेशी विचित्र दिसण्याचं आपल्याकडे नेहमी आढळणारं एक कारण अगदी साधं आहे: बी-१२ची कमतरता.

कमरेच्या हाडातून सुईने काढलेली मज्जा काचपट्टीवर पसरून रंगवतात आणि साधारण ५०० पेशी मोजतात. ब्लास्ट, म्हणजे अगदी कोवळ्या पेशी, निरोगी मज्जेत ५ टक्क्यांच्या आत असतात. त्या २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर सहसा तीव्र ल्युकेमियाचं निदान होतं. त्याखाली मात्र पेशींच्या रूपावर बरंच अवलंबून राहावं लागतं, आणि रूप फसवतं.

बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की पेशीला वेळेत डीएनए तयार करता येत नाही. विभाजन रेंगाळतं, बाकीची वाढ चालूच राहते. पेशी थोराड होते, केंद्रक कोवळंच राहतं. लाल पेशींच्या या थोराड पूर्वजांना पॉल एर्लिख यांनी १८८० मध्ये मेगॅलोब्लास्ट म्हटलं. (नावात ‘ब्लास्ट’ असलं तरी ल्युकेमियाच्या मोजणीत त्या धरत नाहीत, रिपोर्ट वाचताना इथेच अनेकांची छाती धडधडते.) यातल्या बऱ्याचशा पेशी मज्जेतच मरतात. म्हणून मज्जा गच्च भरलेली, पण रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळंच कमी. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या गंभीर विकाराचं चित्रही असंच असू शकतं.

या कोड्याचा एक धागा मुंबईत उलगडला. १९२८ मध्ये इथे आलेल्या ब्रिटिश डॉक्टर ल्युसी विल्स यांना गिरणी कामगार गरोदर बायकांचा असा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होताना दिसला. त्यातला गुणकारी घटक फोलेट होता, हे पुढे कळलं.

बी-१२ व फोलेट नीट असूनही पेशी विचित्र दिसल्या, तर गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या तपासण्या लागतातच. तिथे चालढकल नको. पण अशक्तपणा वाटला म्हणून आधीच बी-१२ची इंजेक्शनं घेणं घातक गोंधळ करतं. एक-दोन दिवसांतच मज्जेचं रूप पालटू लागतं, रक्तातली पातळीही वाढलेली दिसते आणि खरं कारण झाकलं जातं. नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. तेव्हा तपासणीचं रक्त आधी द्या, आणि इंजेक्शन घेतलं असेल तर ते डॉक्टरांना तारखेसकट सांगा.