हिमालय जवळ, चौथरा लांब

यंदाच्या पाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला होऊन दहा वर्षं झाली. घरात कुणाच्याच लक्षात नव्हतं. पुतणीला सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आत्या, म्हणजे आधी बंद होता?" हीच पोरगी गेल्या पावसाळ्यात कळसूबाईच्या शिड्यांवर दोन तास रांगेत उभी राहून 'समिट' करून आली.

आमचा मुलूख सपाट. नेवासे तालुका, ऊस, उघड्या आभाळाखाली उभी शनीची काळी शिळा आणि दारं नसलेली घरं. पुण्याला कॉलेजात गेले नसते, तर कळसूबाई आपल्याच जिल्ह्यात आहे हे भूगोलाच्या पुस्तकापुरतंच राहिलं असतं. त्याआधीच्या वर्षांत सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते १९८० नंतरच्या दहा वर्षांचं.

तेव्हा मराठी पोरं दोराला लटकलेली असायची. शनिवारी रात्री एसटीच्या टपावर सॅक आणि दोराची वेटोळी, रविवारी कुठल्या तरी सुळक्याखाली खिळे ठोकल्याचा आवाज. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी पोटावर पडून खाली पाहिलं तेव्हा कडा पोटात आत गेलेला आणि माझ्या पोटात गोळा. मग सगळ्यांना हिमालयाचं वेड लागलं. १९८४ साली बचेंद्री पाल एव्हरेस्टवर पोचल्या. पुढच्याच वर्षी मुंबईचे हरीश कापडिया ज्या भारतीय-ब्रिटिश मोहिमेत होते, तिने पूर्व काराकोरममधल्या रिमो ३ वर पहिलं पाऊल ठेवलं. १९८८ साली गिरिविहार ही गिर्यारोहण संस्था कांचनजंगाच्या मोहिमेवर गेली.

आम्हीही गेलो, लाहौलला. आमच्या शिखराला नाव नव्हतं. नकाशावर नुसता उंचीचा आकडा, सहा हजार मीटरच्या थोडा वर. तिथे कुणी चढलेलं नव्हतं. तीन आठवडे सगळ्यांच्या बरोबरीने ओझी वाहिली. वरच्या तळावर नेत्याने यादी वाचली. माझ्या नावापुढे होतं, 'साठा व स्वयंपाक'. माझ्याहून कमी चढाया केलेले दोघे दोराला बांधले गेले. "तुझी काळजी वाटते गं," म्हणाले. तिसऱ्या दिवशी हिमवादळाने तेही माथा न गाठता परतले. मी त्यांना सूप दिलं, जरा खारटच.

घरी आल्यावर आईने शिंगणापूरला नवस फेडायला नेलं. शनिअमावास्या होती. ओल्या भगव्या पंच्यातले पुरुष वर तेल वाहत होते. माझा दहा वर्षांचा भाचासुद्धा. मी पुढे झाले, तर कुणीतरी हात आडवा घातला. "ताई, खालनंच." आई दंडाला धरून म्हणाली, "चल, वर तरी काय ठेवलंय?"

देवासाठी माथा सोडणं मला कळतं. १९५५ साली कांचनजंगावर पहिल्यांदा पोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खाली थांबले, सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता म्हणून. भूतानचं ७५७० मीटरचं गांगखर पुएनसुम अजून कुणी चढलेलं नाही. तिथे गिर्यारोहणालाच बंदी आहे. पण ते शिखर सगळ्यांनीच सोडलंय. भूतानच्या राजाचा भाचा वर जाऊन तेल ओतून येत नाही.

नव्वदनंतर संसार, बदल्या, गुडघे. चौथऱ्याच्या बातम्या मी पेपरातच वाचल्या. २००० साली दाभोलकर आणि डॉ. लागूंचं आंदोलन. २०१५च्या नोव्हेंबरात एक बाई वर चढली, मग चौथरा दुधाने धुतला. २६ जानेवारीला तृप्ती देसाईंचा मोर्चा सुप्यातच अडवला. अखेर विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर हायकोर्टाने सरकारला १९५६चा मंदिरप्रवेशाचा कायदा पाळायला सांगितलं. साठ वर्षं कायदा होता! ८ एप्रिल २०१६, पाडवा. त्या दिवशीही आधी पुरुषांचा जमाव जबरदस्तीने चढला, मग बायकांची पाळी.

मी पुढच्या शनिवारी गेले. आई तोवर राहिली नव्हती. कठड्याला धरून चढले, श्वास लागला. तेल वाहायच्या आधी, जुन्या सवयीने, उतरायची वाट पाहून ठेवली.