रडारपासून मोबाइलपर्यंत: दिल्लीतल्या ध्वनितरंगांचा मागोवा

आयआयटी दिल्लीत १९७१ साली रडारच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. तेच पुढे ‘केअर’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. स्फटिकाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ध्वनितरंगांचा विषय दिल्लीत रुजला तो संरक्षणाच्या गरजेतून. तिमारपूरच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनेही त्यात हात घातला, तर दिल्ली विद्यापीठात झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर काम झालं.

रेडिओलहर स्फटिकात ध्वनी होऊन शिरली की तिचा वेग साधारण लाख पटीने घटतो. लिथियम नायोबेटवर तो सेकंदाला सुमारे ३,४९० मीटर असतो. म्हणून मीटरभर लांबीची लहर काही मायक्रॉनांत मावते. ॲल्युमिनियमची बोटं, म्हणजे बारीक समांतर पट्ट्या, तरंगलांबीच्या पाव रुंदीची कोरायची, दोन्ही टोकांना परावर्तक पट्ट्या ठेवून लाट मधे कोंडायची, की झाला रेझोनेटर. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात हा स्फटिक तापला की त्यावर विद्युतभार साचतो, ठिणगी पडते आणि कोरलेली बोटं जळून जातात. म्हणूनच भट्टीत वेफर सावकाश तापवावा आणि सावकाशच निववावा लागतो.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला. त्यातल्या, याच तरंगांवर चालणाऱ्या आणि हवी तेवढीच वारंवारता पुढे जाऊ देणाऱ्या ३८.९ मेगाहर्ट्झच्या फिल्टरला बावीसेक मायक्रॉनची बोटं पुरत. मोबाइलने हिशेबच बदलला. मायक्रॉनभर रुंदीच्या बोटांनी सुमारे ८७० मेगाहर्ट्झ गाठता येतात, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झला बोट जेमतेम ०.३६ मायक्रॉन उरतं. २००० नंतर जगाने ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ पडद्यात आरपार कंप पावणारे रेझोनेटरही बाजारात आणले. तिथे वारंवारता थराच्या जाडीवर ठरते: जाडी एक टक्का चुकली, तर दोन गिगाहर्ट्झवर जवळपास वीस मेगाहर्ट्झची चूक.

इथे आपण मागे पडलो. बुद्धी कमी पडली असं मला वाटत नाही. प्रयोगशाळेतले चार चांगले नमुने आणि रोज लाखोंनी निघणारे एकसारखे तुकडे यांच्यामधला कारखाना कुणी उभा केला नाही. नोएडात मोबाइल जुळवले जातात, पण त्यांतले फिल्टर प्रामुख्याने अमेरिकी आणि जपानी कंपन्यांचे असतात.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. या फिल्टरना प्रोसेसरसारखी अतिसूक्ष्म, अतिमहाग फॅब लागत नाही. त्या पैशातून दिल्ली परिसरात ध्वनितरंग फिल्टरांसाठी एक स्वतंत्र उत्पादन-रेषा उभी राहावी, आणि या प्रयोगशाळांत हात बसलेल्यांना तिथे आधी बोलवावं.