जठराची दुर्बीण-तपासणी : भीती आणि गुंगी

अन्न गिळताना अडकणे, पोटात सतत दुखणे, रक्ताची उलटी होणे किंवा शौचाला डांबरासारखे काळे होणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला ‘दुर्बीण घालून पाहावे लागेल’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा त्याच्या मनाचा थरकाप होतो. पुष्कळ रुग्ण त्या क्षणापासून आजारापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागतात. कोणी गोळ्यांवर महिना काढतो, तर कोणी घरातील लग्नकार्य उरकल्यावर पाहू असे म्हणतो. परंतु व्रणातून होणारा रक्तस्राव किंवा प्रारंभीच्या अवस्थेतील कर्करोग अशी सवड देत नाही. म्हणून या भीतीचा नीट विचार करणे हाही उपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

एकेकाळी ही भीती अगदी रास्त होती. 1868 साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल या वैद्याने जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची नळी सरळ व ताठ होती. ती गिळण्यासाठी त्याला तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस शोधावा लागला. 1932 मध्ये रूडॉल्फ शिंडलर याने काही अंशी वाकणारे उपकरण प्रचारात आणले. पुढे 1954 मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये दाखवून दिले की, बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, आणि ते जुडगे वाकवले तरीही ती पोचते. या तत्त्वावर बेसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचीक अंतर्दर्शक तयार केला. 1957 मध्ये तो रुग्णावर वापरण्यापूर्वी त्यांनी प्रथम स्वतःच्या घशातून उतरवून पाहिला. आजची नळी सुमारे 1 सेंटीमीटर जाडीची व लवचीक असते. तिच्या टोकाशी असलेल्या चिमुकल्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पडद्यावर दिसते.

भीती नेमकी कशाची?

सर्वांत मोठी भीती असते ती गुदमरण्याची. नळी घशातून जाणार म्हणजे श्वास कोंडणार, असे रुग्णाला वाटते. वास्तविक घशाच्या खाली श्वासनलिका आणि अन्ननलिका हे दोन मार्ग वेगळे होतात. नळी अन्ननलिकेत जाते आणि श्वासाचा मार्ग मोकळा राहतो. ज्याने संथपणे श्वास घेण्याकडे लक्ष ठेवले, त्याला हे लवकरच अनुभवास येते.

दुसरी भीती उमाशांची होय. घशाच्या मागच्या भागाला परक्या वस्तूचा स्पर्श झाला की तो भाग आपोआप आकुंचन पावतो. शरीराच्या संरक्षणासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. तीत रुग्णाचा दोष नाही किंवा त्याचा भित्रेपणाही नाही. उमासे मुख्यतः नळी घशातून पुढे सरकताना येतात आणि ती अन्ननलिकेत उतरल्यावर बहुधा कमी होतात. जठर नीट दिसावे म्हणून त्यात हवा भरतात. त्यामुळे पोट तट्ट झाल्यासारखे वाटते आणि ढेकर येतात. तपासणीसाठी अस्तराचा कण काढला तरी त्याची वेदना जाणवत नाही. साधी तपासणी सर्वसाधारणपणे पाच ते दहा मिनिटांत आटोपते.

गुंगीचे तीन मार्ग

पहिला मार्ग केवळ घसा बधिर करण्याचा. लिग्नोकेनचा फवारा मारल्यावर घशाची संवेदना मंदावते. रुग्ण पूर्ण जागा राहतो, डॉक्टरांच्या सूचना पाळू शकतो आणि थोड्या वेळाने चालत घरी जाऊ शकतो. मात्र बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नये, अन्यथा ठसका लागून घास श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो.

दुसरा मार्ग हलक्या गुंगीचा. यात मिडाझोलामसारखे औषध शिरेतून देतात. रुग्ण पेंगुळतो, परंतु हाक मारली असता ओ देतो. या औषधाचा एक विशेष असा की, त्या काही मिनिटांची आठवण पुष्कळदा पुसट होते किंवा राहतच नाही.

तिसरा मार्ग गाढ गुंगीचा. प्रोपोफॉल या औषधाने रुग्ण झोपी जातो आणि औषध थांबवल्यावर काही मिनिटांतच जागा होतो. परंतु या अवस्थेत श्वसन मंदावू शकते. म्हणून भूलतज्ज्ञ किंवा या कामाचे खास शिक्षण घेतलेली व्यक्ती जवळ असणे आवश्यक असते. शिवाय खर्चही वाढतो.

गुंगी जितकी गाढ, तितकी देखरेख अधिक काटेकोर लागते. बोटाला लावलेल्या यंत्रावर नाडी आणि रक्तातील प्राणवायू सतत पाहिला जातो. शिरेतून औषध दिल्यास सोबत कोणीतरी असावे, आणि चोवीस तास वाहन चालवू नये किंवा महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये.

निवड कशी करावी?

ज्याला फारसे उमासे येत नाहीत किंवा ज्याला लगेच कामावर जायचे आहे, त्याला फवारा पुरेसा होतो. मागचा अनुभव कटू असलेल्या किंवा केवळ धास्तीने तपासणी टाळणाऱ्या माणसाने गुंगी मागण्यात संकोच बाळगू नये. उलटपक्षी वृद्ध, हृदयाचे अथवा फुप्फुसाचे रुग्ण आणि झोपेत श्वास अडकणारे लोक यांच्या बाबतीत गुंगीचा निर्णय विशेष जपून घ्यावा लागतो. म्हणून आपले आजार, औषधांची अॅलर्जी, मधुमेहाची व रक्त पातळ करणारी औषधे, तसेच मद्याची सवय यांविषयी काहीही लपवू नये. कोणतेही औषध मनाने बंदही करू नये. तपासणीपूर्वी सहसा किमान सहा तास अन्न वर्ज्य असते. कवळी काढून ठेवावी.

अत्यंत साधी अशी आणखी एक गोष्ट आहे. ‘असह्य झाले तर मी हात वर करीन, तेव्हा क्षणभर थांबा,’ असे डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यावे. रुग्ण कुशीवर निजलेला असतो आणि तोंडात नळी असल्याने त्याला बोलता येत नाही. आपण अगदीच असहाय झालो आहोत, ही जाणीव त्या वेळी मनाला फार छळते. हाताच्या एका खुणेची सोय असली की तिचा भार हलका होतो, आणि ती खूण करण्याची वेळ बहुतेकांवर येतही नाही.